घरच्या पोकरसाठी अस्सल चिप्स की हुबेहूब प्रतिकृती?

वाचकांचे प्रश्न : संग्राहकांसाठी

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून पोकर खेळतो. पैसे लावत नाही, गुणांवर खेळतो. माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या पेटीतला पाचशे चिप्सचा संच आहे आणि पेटीवर ‘११.५ ग्रॅम, क्ले कॉम्पोझिट’ असे छापलेले आहे. आमच्यातला एक जण चिप्सचा संग्राहक आहे. त्याच्या मते हे निव्वळ प्लास्टिक असून खऱ्या कॅसिनोतल्या, पॉलसन या अमेरिकन कंपनीच्या चिप्सशिवाय खेळण्यात अर्थ नाही. दुसऱ्या मित्राचे म्हणणे असे, की लास वेगासमधल्या बंद पडलेल्या कॅसिनोंच्या हुबेहूब प्रतिकृती स्वस्तात मिळतात, त्या घ्याव्यात. आम्ही कोणाचे ऐकावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : संग्राहक मित्राचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. दुसऱ्या मित्राचा सल्ला मात्र आपण मानू नये असे मला वाटते. त्याची कारणे सांगण्याआधी या चिप्स कशा घडतात ते पाहिले पाहिजे, कारण वादाचा बराचसा भाग तिथेच मिटतो.

ज्यांना क्लेच्या चिप्स म्हणतात, त्या निव्वळ मातीच्या नसतात. खनिजांची भुकटी आणि ती बांधून ठेवणारी द्रव्ये यांच्या मिश्रणाचे रंगीत पातळ तक्ते लाटतात आणि त्यांतून चकत्या कापतात. कडेवर जिथे वेगळा रंग हवा असेल तिथे खाचा पाडून त्यांत दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात, मधोमध छापील चकती ठेवतात आणि हे सगळे साच्यात घालून उष्णतेने व प्रचंड दाबाने एकजीव करतात. त्यामुळे अशा चिपच्या कडेवरचा रंगपट्टा वरच्या बाजूपासून खालच्या बाजूपर्यंत आरपार गेलेला दिसतो, छापील चकती पृष्ठभागाशी इतकी सपाट बसते की तिची कड बोटाला लागत नाही, आणि नव्या चिपच्या अंगावर बारीक जाळीदार पोत असतो. आपल्या पेटीतली चिप वेगळ्या रीतीने होते. धातूच्या एका चकतीभोवती वितळलेले प्लास्टिक साच्यात सोडतात आणि थंड झाल्यावर मधल्या खोलगट भागात कागदी किंवा प्लास्टिकचे लेबल चिकटवतात. तिचे ११.५ ग्रॅम वजन प्रामुख्याने त्या धातूमुळे आलेले असते. दाबून घडवलेली कॅसिनोतली क्लेची चिप याहून हलकी, साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅमची असते. व्यास मात्र दोहोंचा सारखाच, सुमारे ३९ मिलिमीटर.

जड चिप म्हणजे अस्सल चिप हा समज घरोघरी पसरला तो २००३ नंतरच्या काळात. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. त्यानंतर अमेरिकेत घरच्या पोकरची जी लाट आली, तिच्याबरोबर धातूच्या गाभ्याच्या चिप्स आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या जगभर पोचल्या, आणि वजनाचा आकडा हीच त्यांची जाहिरात झाली.

आपला मित्र ज्यासाठी आग्रह धरतो आहे तो फरक हाताला आणि कानाला खरोखरच कळतो. नाण्याच्या बाबतीत खणखणीत वाजते ते खरे असे आपण धरून चालतो. क्लेच्या चिप्सचे नेमके उलट आहे. प्लास्टिक आणि धातूची चिप दुसरीवर पडली की टणत्कार होतो, तर क्लेच्या चिपचा आवाज बसका आणि मऊ येतो. वीस चिप्सची चळत करून ती एका बोटाने ढकलून पाहावी. क्लेच्या चिप्स एकमेकींना धरून राहतात, आणि गुळगुळीत प्लास्टिकची चळत अर्ध्यातूनच घसरते. सहा-सात तास त्या चिप्स बोटांत खेळवणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटत नाही, आणि वाटूही नये.

तरीही ‘पॉलसनशिवाय अर्थ नाही’ हे म्हणणे टोकाचे आहे. पॉल एन्डी यांनी १९६३ साली लास वेगासमध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या चिप्सच्या कडेवर टोपी आणि काठी यांची नक्षी असते आणि तीच तिची ओळख आहे. २००२ मध्ये फ्रान्समधील बूर्गोन्य ए ग्रासे या जुन्या कंपनीबरोबर ती एकत्र आली आणि गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल ही कंपनी उभी राहिली. एके काळी पॉलसनने घरगुती ग्राहकांसाठीही काही संच काढले होते, ज्यांवर कोणत्याही कॅसिनोचे नाव नव्हते. ते संच आज जुन्या बाजारात चढ्या भावाने विकले जातात. या चिप्सनी कॅसिनोचे टेबल कधीच पाहिलेले नाही, पण साचा तोच, कारागिरी तीच. आपला संग्राहक मित्र त्यांना अस्सल म्हणेल की नाही, हे त्याला अवश्य विचारावे. माझ्या मते त्या अस्सलच आहेत, कारण त्या जे असल्याचे सांगतात तेच त्या आहेत.

प्रतिकृतीची अडचण इथेच आहे. सँड्स, ड्यून्स, स्टारडस्ट ही नावे छापलेली, पण त्या कॅसिनोंशी काहीही संबंध नसलेली चिप आज आपल्या टेबलावर निरुपद्रवी असते. दहा वर्षांनी ती पेटी कोणीतरी विकतो, त्यातल्या पाच चिप्स सुट्या होतात, चौथ्या हाताला जाताना ‘प्रतिकृती’ हा शब्द गळून पडतो, आणि एखादा नवखा संग्राहक १९९३ साली जमीनदोस्त झालेल्या ड्यून्सची आठवण म्हणून ती विकत घेतो. कुठल्याही आंब्यावर देवगडचा शिक्का मारला, तर आंबा खाणाऱ्याचे पोट बिघडत नाही, पण देवगडच्या बागायतदाराचे आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नुकसान होते. तसाच हा प्रकार आहे. फसवण्याचा हेतू कोणाचाच नसला तरी फसवणुकीचे सामान तयार होते.

म्हणून माझा सल्ला असा. आहे तो संच चालू द्यायला काहीच हरकत नाही. बदलायचाच असेल तर स्वतःच्या मंडळाचे नाव किंवा चिन्ह असलेल्या चिप्स करून घ्याव्यात. यात सोयीचा प्रकार म्हणजे ज्यांना सिरॅमिक म्हणतात त्या चिप्स. प्रत्यक्षात त्याही एका प्रकारच्या प्लास्टिकच्याच असतात, पण त्यांवर कडेपासून कडेपर्यंत थेट छपाई होते, लेबल चिकटवावे लागत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातील चिपको कंपनीने हा प्रकार कॅसिनोंमध्ये नेला, त्यामुळे त्याला घरगुती नक्कल म्हणून हिणवण्याचे कारण नाही. क्लेचाच आग्रह असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर क्लासिक पोकर चिप्स या कंपनीने बर्ट या जुन्या चिप्स-उत्पादक कंपनीच्या परंपरेतले साचे वापरून खासगी मंडळांसाठीही चिप्स घडवल्या आहेत. मात्र भारतात मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी हिशेबात धरावे. आठ जणांच्या डावाला पाचशे चिप्स पुरतात. पांढरी १, लाल ५, हिरवी २५ आणि काळी १०० हा अमेरिकेतला रूढ क्रम पाळला, तर नव्या खेळाडूला समजावत बसावे लागत नाही.

प्रश्न : बंद झालेल्या एका कॅसिनोच्या सुमारे सहाशे वापरलेल्या पॉलसन चिप्स मला येथे एकगठ्ठा मिळत आहेत. त्या खऱ्या आहेत हे कसे तपासावे? आणि कॅसिनो बंद झाल्यावर चिप्स नष्ट करतात असे ऐकले आहे, मग त्या बाजारात येतात कशा? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरातच तपासणीची पहिली पायरी आहे.

चिप म्हणजे पैसा नव्हे. लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तिथल्या नियमांनुसार चिप हे कॅसिनो तिच्या धारकाला देणे लागतो त्या रकमेचे केवळ प्रतीक असते आणि तिची मालकी कॅसिनोकडेच राहते. याचा अर्थ किती कडक आहे हे डिसेंबर २०१० मध्ये दिसले. लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून हेल्मेट घातलेल्या एका इसमाने सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या आणि मोटारसायकलवरून पोबारा केला. कॅसिनोने आपली २५ हजार डॉलरची चिप चलनातूनच काढून घेण्याचे जाहीर केले, आणि लुटीतल्या सर्वांत मोलाच्या चिप्सना मुदतीनंतर टेबलावर काही किंमत उरणार नव्हती. याच तत्त्वानुसार कॅसिनो बंद होताना धारकांना चिप्स परत करण्यासाठी मुदत देतात, आणि परत आलेला साठा ठरलेल्या पद्धतीने नष्ट करावा लागतो. स्टारडस्ट २००६ मध्ये बंद झाले, ट्रॉपिकाना आणि मिराज २०२४ मध्ये. अशा नेवाडातल्या कॅसिनोंच्या ज्या चिप्स आज लोकांकडे आहेत, त्या बहुतेक आठवण म्हणून खिशातून घरी गेलेल्या, म्हणजे सुट्या. त्यामुळे लास वेगासच्या प्रसिद्ध कॅसिनोच्या सहाशे चिप्स रॅकसकट कोणी देऊ लागला, तर त्या आल्या कुठून हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. इतर राज्यांतले कॅसिनो, नदीवरच्या बोटी, लहान कार्डरूम आणि पर्यटक जहाजे यांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि घरच्या खेळासाठी उपलब्ध होणारे मोठे साठे बहुधा तिथून येतात. त्यांतल्या काही चिप्सना भोक पाडून किंवा कडेला खाच मारून रद्द केलेले असते. संग्राहक अशा चिपला कमी किंमत देतात, पण खेळायला ती उत्तम, आणि ती कुठे पुन्हा वटवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता वस्तूची तपासणी. साठ्यातल्या वरच्या चिप्स न पाहता मधल्या रांगांतून दहा-बारा चिप्स काढून घ्याव्यात. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा असेल तर प्रत्येकीचे वजन करावे. खऱ्या वापरलेल्या चिप्सची वजने थोडी मागेपुढे असतात, कारण त्यांची झीज सारखी झालेली नसते; दहाच्या दहा चिप्स एकाच आकड्यावर आल्या तर मला आनंद न होता शंका येईल. कडेवरची टोपी-काठीची नक्षी भिंगातून पाहावी. खऱ्या साच्यात तिच्या रेषा धारदार उमटतात आणि वापराने त्या गोलसर होत जातात, पण कडेवरून आधी आणि आतल्या बाजूला नंतर. रंगपट्टा आरपार आहे ना ते पाहावे. मधल्या चकतीच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडकले तर लेबल वरून चिकटवलेले आहे. लोहचुंबक लावून पाहावा. दाबून घडवलेल्या क्लेच्या चिपमध्ये धातूचा गाभा नसतो, त्यामुळे पॉलसन म्हणून विकली जाणारी चिप चुंबकाला चिकटली तर सौदा तिथेच थांबवावा. मात्र ही कसोटी फक्त क्लेच्या चिप्ससाठी आहे, कारण साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या, धातूचा गाभा असलेल्या चिप्स अनेक खऱ्या कॅसिनोंनीही वापरल्या आहेत.

सर्वांत जास्त सावधगिरी सोनेरी अक्षरे उमटवलेल्या जुन्या चिप्सबद्दल बाळगावी. तापवलेल्या ठशाने कोऱ्या चिपवर नाव उमटवणे ही अगदी साधी क्रिया आहे. चिप खरोखरच पन्नास वर्षे जुनी असते, वजन जुळते, साचा जुळतो, फक्त नाव काल उमटवलेले असते. अशा चिपबाबत वस्तू पाहून निर्णय होत नाही, तिथे कागदच लागतो. टी. आर. किंग, टेलर, मेसन अशा जुन्या उत्पादकांच्या मागणीनोंदी संग्राहकांनी जपून ठेवल्या आहेत. कोणत्या रंगाच्या, कोणत्या अक्षरांच्या चिप्स कोणत्या पत्त्यावर रवाना झाल्या, हे त्यांवरून कळते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील कॅसिनो चिप संग्राहकांच्या क्लबचे सदस्य अशा ओळखपरेडीत नवख्यांना मदत करतात. आपण न्यू जर्सीतच आहात, तेव्हा ही वाट आपल्याला आमच्यापेक्षा जवळची आहे.

प्रश्न : मांडवीवरच्या एका कॅसिनो जहाजाचे नाव आणि रुपयांतली रक्कम छापलेला चिप्सचा संच एका विक्रेत्याकडे पाहिला. दिवाळीत घरी तीन पत्तीसाठी तो घेतला तर चालेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : घेऊ नये. लास वेगासच्या बंद कॅसिनोच्या प्रतिकृतीबद्दल माझा आक्षेप संग्राहकाचा आहे. चालू कॅसिनोच्या नावाच्या आणि रकमेच्या प्रतिकृतीबद्दलचा त्याहून गंभीर आहे. ती चिप घरातून चुकून एखाद्या पाहुण्याच्या खिशात जाऊन त्याच जहाजाच्या टेबलावर ठेवली गेली, तर खुलासा करता करता त्या पाहुण्याची काय अवस्था होईल याची कल्पना करावी. हा विषय कॅसिनो अजिबात हलक्यात घेत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोतली मोठी पोकर स्पर्धा केवळ २७ खेळाडू उरले असताना थांबवावी लागली, कारण एका स्पर्धकाने पाच हजार गुणांच्या १६० बनावट चिप्स डावात मिसळल्या होत्या. त्याने उरलेल्या चिप्स दुसऱ्या हॉटेलच्या शौचालयात टाकून पाणी सोडले, त्या नळात अडकल्या, आणि गळतीच्या तक्रारीवरून सगळे उघडकीस आले. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या चिप्सना स्पर्धेबाहेर पैशांत काहीच किंमत नव्हती, तरीही शेकडो प्रामाणिक खेळाडूंचे कष्ट वाया गेले.

आपण गोव्यात राहता, म्हणून आणखी एक सांगतो. प्रवेशाच्या पॅकेजबरोबर मिळणाऱ्या, फक्त एकदाच खेळता येणाऱ्या आणि रोखीत न वटणाऱ्या चिप्स याही इथल्या कॅसिनोंच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि त्यांच्याकडे अजून फारसे कोणी लक्ष देत नाही. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर इथे जे काही उभे राहिले, त्याच्या चिप्सची तारीखवार, नावनिशीवार नोंद कोणी मराठी किंवा कोकणी माणसाने केली तर ते मोठे काम होईल. दिवाळीच्या तीन पत्तीला मात्र रक्कम नसलेल्या, नुसत्या रंगांच्या चिप्स घ्याव्यात.

प्रश्न : माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दुर्मीळ चिप्स बिनदिक्कत खेळायला वापरतात. त्यांचे म्हणणे असे, की चिप हातात फिरली पाहिजे, कपाटात ठेवायची असेल तर ती घडवली कशाला. मला हे पटत नाही. — एक संग्राहक, नागपूर

उत्तर : त्यांचे म्हणणे सर्वसाधारण चिप्सबाबत मला मनापासून पटते. एखाद्या बोटीवरच्या कॅसिनोच्या एक डॉलरच्या हजारो चिप्स उपलब्ध असतील, तर त्या प्लास्टिकच्या कप्प्यांत बंद करून ठेवण्यात कोणाचेच भले नाही. चार-सहा नमुने जपावेत आणि बाकीच्यांनी खुशाल खेळावे.

पण टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या बॅलिनीज रूमची चिप असेल, तर माझे मत पूर्ण बदलते. समुद्रात खांबांवर उभा असलेला हा बेकायदा जुगाराचा अड्डा १९५७ मध्ये पोलिसांनी बंद पाडला आणि २००८ च्या आइक वादळाने ती इमारतही नेली. केंटकीतले न्यूपोर्ट, अर्कान्सामधले हॉट स्प्रिंग्ज इथल्या अड्ड्यांचेही असेच आहे. उघड हिशेब ठेवायचा नाही हाच ज्यांचा नियम होता, त्यांच्या कारभाराचे जे थोडे पुरावे उरले, त्यांत चिप्स आहेत. अशा चिपची धार एका रात्रीत झिजत नाही, पण दर रात्री थोडी झिजते, आणि जी नक्षी गेली ती परत आणता येत नाही. आपल्या परिचितांना माझ्या वतीने सांगावे, की दुर्मीळ चिप्स डावापूर्वी सर्वांना दाखवाव्यात, त्यांचा इतिहास सांगावा, हवे तर टेबलावर मधोमध कप्प्यात ठेवाव्यात, पण पॉटमध्ये, म्हणजे डावावर लावलेल्या चिप्सच्या ढिगात, टाकू नयेत.

प्रश्न : घरी चिप्स वापरून खेळले आणि शेवटी पैशांचा हिशेब केला तर ते कायद्यात बसते का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : समोर नोटा नसून चिप्स आहेत एवढ्याने काही फरक पडत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि जुगाराचे साधन म्हणून वापरलेली कोणतीही वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते. नेमक्या परिस्थितीबद्दल वकिलाचाच सल्ला घ्यावा. या सदरात मी जे लिहितो ते गुणांवर खेळणाऱ्यांसाठी आणि संग्राहकांसाठी आहे.

प्रश्न : जुन्या क्लेच्या चिप्स मळल्या आहेत. धुवाव्यात का? पावसाळ्यात कशा ठेवाव्यात? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : संग्रहातल्या चिप्स शक्यतो धुवू नयेत, कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात. खेळायच्या चिप्स कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून, मऊ टूथब्रशने एकेक करून घासाव्यात आणि लगेच टिपून कोरड्या कराव्यात. भिजत ठेवल्या तर मधल्या कागदी चकतीत पाणी शिरते. भांडी धुण्याच्या यंत्रात तर कधीही घालू नयेत.

कोकणातल्या दमट हवेत क्लेला फारसे काही होत नाही, लेबल चिकटवलेल्या स्वस्त चिप्सच्या कडा मात्र उचलल्या जातात. लाकडी पेटीला बुरशी धरते आणि ती चिप्सवर येते, म्हणून चार महिने हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. आणखी एक गोष्ट अवश्य पाळावी. जुन्या काही क्लेच्या चिप्समध्ये वजनासाठी शिसे मिसळलेले असे. त्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, खेळताना त्याच हाताने चिवडा-शेंगदाणे खाऊ नयेत, आणि लहान मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत.